टाकी माळ्याला पेलवेल का?

घिवलीत खंडेराव जगदाळ्यांना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि ते आपल्या कर्तृत्वामुळे, असा खुद्द खंडेरावांचा समज आहे. खरं कारण वेगळं आहे. गावात कुणाच्याही अंगणात शिडी लागलेली दिसली की हे गृहस्थ वाट वाकडी करून आत शिरतात, शिडीचा पाय हलवून बघतात आणि वर चढलेल्याला, "आधी खाली उतरा!" असं फर्मावतात. बोईसरच्या कारखान्यात सगळी नोकरी सुरक्षा विभागात झालेली. माणूस निवृत्त झाला, पण खातं काही अंगातून गेलं नाही. ताडावर चढलेला गडीसुद्धा खंडेराव लांबून येताना दिसले की वरच्या वर गप्प बसून राहतो. ते पुढे गेले की मग कोयता चालवतो.

अशा माणसाने आपल्या घराच्या माळ्यावर, जुन्या लाकडी फळ्यांवर, पाच फूट लांबीची माशांची टाकी चढवायची म्हटल्यावर गाव हसणारच. गाव हसलंही. फक्त तोंडावर कुणी हसलं नाही, कारण टाकी भाग्येशची होती.

भाग्येश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. गेल्या वर्षी वाणगावच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली आणि तो गेला. यापलीकडे त्या विषयावर जगदाळ्यांच्या घरात कुणी बोलत नाही, तेव्हा आपणही नको बोलू या.

तर त्याची बायको उत्कर्षा बोईसरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहत होती. तिला नाशिकला, माहेरच्या गावी, नोकरी लागली. महिनाअखेर फ्लॅट सोडायचा ठरला. पलंग, कपाट, फ्रिज, सगळ्याची सोय लागली. मग एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, टाकीचं काय करू?"

"कसली टाकी?" खंडेरावांना आधी पाण्याची वाटली.

"ह्यांची. माशांची. दुकानवाला प्रीतम घेतो म्हणतोय. पण तो मासे विकणार, बाबा. एकेक करून. मला नाशिकला इतकं पाणी हलवत नेता येणार नाही. तिथे घरही लहान आहे."

खंडेराव दुसऱ्या दिवशी टाकी बघायला गेले. आत तीन जाडजूड ऑस्कर मासे आणि काच चाटत फिरणारा एक काळा. ऑस्करांतला सगळ्यात थोराड, त्याचं नाव भाग्येशने 'मॅनेजर' ठेवलं होतं. तो कोपऱ्यात फुगून बसलेला असायचा, काही काम करायचा नाही आणि खायच्या वेळी सगळ्यांच्या पुढे. खंडेराव काचेजवळ गेले तसा मॅनेजर कोपरा सोडून थेट त्यांच्या समोर आला, तोंड उघडून उभा राहिला आणि शेपटी हलवायला लागला.

"ह्यांच्याजवळच यायचा तो असा," उत्कर्षा म्हणाली. "माझ्याजवळ येत नाही. तुम्ही तसेच चालत आलात ना, म्हणून."

साऱ्या घरादाराला, सोसायटीला, कारखान्याला, साताऱ्याकडच्या भावकीला कळवून झालं होतं. या एका माशालाच भाग्येश गेल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. तो अजून वाट बघत होता.

"मी नेतो," खंडेराव म्हणाले. "विकायची नाही."

इथून पुढे घोळ सुरू झाला.

टाकी न्यायची, पण ठेवायची कुठे? खालच्या खोलीत जागा होती. दिवाण सरकवला की टाकी आरामात बसली असती, आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण मैनाबाईंनी, म्हणजे खंडेरावांच्या पत्नीने, ऐकल्याबरोबर हातातली चाळणी खाली ठेवली.

"खाली नको," त्या म्हणाल्या. "ते मासे त्याने हाताने भरवलेले. उठता-बसता डोळ्यांसमोर नाही हो सोसायचं मला. ठेवायची तर वर त्याच्या खोलीत ठेवा. वर मी जात नाही."

ते खरं होतं. भाग्येश गेल्यापासून त्या जिन्याची एक पायरी चढल्या नव्हत्या. बोईसरहून दर रविवारी यायचा तेव्हा तो ज्या माळ्यावरच्या खोलीत राहायचा, तिला कुलूप होतं आणि किल्ली खंडेरावांच्या जानव्याला नसली तरी तितक्याच जपणुकीने त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात असायची. त्यांना वाटलं, ठीक आहे. वर तर वर. खोलीत काहीतरी जिवंत असेल.

आता हे घर म्हणजे शेजारच्या चिंधू तांडेलच्या चुलत्याचं, खंडेरावांनी विकत घेतलेलं. खाली विटांच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर फळ्या ठोकलेला माळा. दुसरा कुणी असता तर त्याने चार हमाल बोलावले असते, टाकी वर चढवली असती आणि देवावर भरवसा ठेवला असता. पण खंडेरावांनी नोकरीतल्या सगळ्या वर्षांत देवावर भरवसा ठेवणाऱ्यांना नोटिसा दिल्या होत्या. माळ्याला टाकी पेलवेल का, हे आधी कळलं पाहिजे. रीतसर कळलं पाहिजे.

पहिल्यांदा ते बोईसरला मेहुल नावाच्या इंजिनियरकडे गेले. मेहुल भाग्येशच्या वर्गातला. त्याने टाकीची मापं घेतली, कॅल्क्युलेटर बडवला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"काका, पाणी, काच, खालचे दगड, लोखंडी स्टँड, सगळं मिळून दहा-बारा धट्टीकट्टी माणसं एकमेकांना मिठी मारून एका जागी उभी राहिली, असं समजा. आणि ती उतरणार नाहीत. वर्षानुवर्षं तिथेच."

"ते कळलं. माळा पेलेल का?"

"लाकूड ना?" मेहुल कानकोंडा झाला. "काका, आम्ही काँक्रीटवाले. लाकूड आम्हाला एकाच सेमिस्टरला होतं आणि तेव्हा मला कावीळ झाली होती. भाग्याने नोट्स दिल्या होत्या, पण..."

खंडेरावांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि उठले. बिचाऱ्याचे डोळे भरले होते आणि लाकडाची माहिती काही त्यातून निघाली नसती.

मग जुने सहकारी बन्सी वानखेडे भेटले. हे अमरावतीचे. नोकरीपायी बोईसरला आले आणि इथेच राहिले. यांचा अभ्यास वास्तुशास्त्राचा. त्यांनी भार वगैरे विषय हातानेच बाजूला सारला.

"भार जाऊ दे रे. दिशा कोणती?"

"कुणाची?"

"खोलीची! नैऋत्येला पाणी वर चढवलंस तर घरात दुःख येतं."

खंडेराव म्हणाले, "ते आलंय, बन्सी. आता टाकी येऊ दे."

बन्सींना लगेच चूक कळली आणि ते इतके ओशाळले की भरपाई म्हणून त्यांनी एकामागून एक उपाय सुचवले. टाकी अर्धीच भरावी. ऑस्कर उंच मासा आहे, अर्ध्या पाण्यात त्याची पाठ उघडी पडेल, असं खंडेरावांनी सांगितल्यावर, मासे आडवे पोहतील असं वळण लावता येईल का, हेही त्यांनी विचारलं. मित्राचं दुःख बघून माणूस काय वाटेल ते बोलतो. खंडेरावांनी मनावर घेतलं नाही.

तज्ज्ञ संपले, तेव्हा खंडेरावांनी आपल्या खऱ्या बळाचा आधार घेतला. अर्ज! 'माळ्याची भारक्षमता तपासून दाखला मिळणेबाबत' असा स्वच्छ अक्षरात अर्ज लिहून ते ग्रामपंचायतीत गेले. तिथल्या गृहस्थांनी तो अदबीने वाचला, दप्तर उघडलं आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या घराला माळाच नाही."

"नाही कसा? मी त्यावर झोपलोय!"

"झोपला असाल. कागदावर नाही. इथे फक्त तळमजला. आता नसलेल्या माळ्याला दाखला कसा द्यायचा? उलट हा माळा कधी चढवला, कुणी चढवला, परवानगी..."

"राहू द्या," खंडेराव घाईने म्हणाले आणि अर्ज परत घेऊन बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखाद्या कचेरीतून काढता पाय घेतला होता. बेकायदा माळ्याचा मालक म्हणून आपली गणना होईल या विचाराने त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तरी धीर करून ते पालघरला, कोळगावच्या जिल्हा कचेरीच्या मोठ्या सरकारी इमारतीत गेले. कुणीतरी सांगितलं होतं, तिथे सगळं मिळतं. तिथे जागा भरपूर, गारवा भरपूर, मजल्यांवर मजले. खंडेराव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जात राहिले. 'माळा' म्हटलं की माणसं मान हलवायची आणि 'मासे' म्हटलं की चेहरे खुलायचे. शेवटी एका हसतमुख बाईंनी त्यांना बसवून पाणी दिलं.

"मत्स्यपालन करायचंय ना काका? फार छान. तलाव किती गुंठ्यांचा?"

"तलाव नाही. टाकी. पाच फुटी."

"शेतात आहे?"

"माळ्यावर."

"माळावर म्हणजे उघड्यावर. कुंपण लागेल."

"माळावर नाही हो बाई, घरात, वरच्या मजल्यावर!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "उत्पन्न किती निघेल?"

खंडेरावांना एकदम मॅनेजर डोळ्यांपुढे आला, काचेला तोंड लावून उभा. "काही नाही निघणार," ते म्हणाले. "मुलाचे आहेत. नुसते ठेवायचेत."

बाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे एकही प्रश्न विचारला नाही. "माझ्या हातात असतं तर दिला असता हो दाखला," एवढंच म्हणाल्या. खंडेराव परतीच्या एसटीत बसले तेव्हा त्यांना वाटलं, कुणी वसकन अंगावर आलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

महिना सरत आला. उत्कर्षाचा फोन रोज यायचा आणि ती टाकीचं नाव न काढता इकडचं तिकडचं बोलायची. ते जास्त जड जायचं.

आता शेजार. चिंधू तांडेलचं घर भिंतीला भिंत लागून. त्याला टाकीची बातमी लागली तसा तो जाळ्याचं काम सोडून आला. त्याला या प्रकरणातलं एकच कळत नव्हतं.

"सायेब, ह्ये मासे किती मोठे झाल्यावर खायाचे?"

"खायचे नाहीत."

"अजिबात नाय?" चिंधूने कपाळाला आठ्या घातल्या. "मंग आपनच त्यांना खायाला घालायचं? आनि त्ये काय करनार?"

"पोहणार."

चिंधूचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेलं. नुसता पोहणारा मासा ही कल्पना पचवायला त्याला वेळ लागला. पण माळ्याविषयी तो अधिकाराने बोलला. या तुळया त्याच्या चुलत्याच्या मोडलेल्या बोटीच्या. बोट फोडली तेव्हा लाकूड घरात घातलेलं.

"बोटीत धा-बारा जन बसायचे. वर जाळी, वर मासळी. कवा कुरकुर नाय केली ह्या लाकडानं."

"अहो, बोट पाण्यावर असते. खालून पाणी तोलून धरतं तिला."

"मंग खाली बी पानी भरा की," चिंधू शांतपणे म्हणाला.

हे ऐकून स्वयंपाकघरात मैनाबाई हसल्या. अगदी थोडं, नाकातल्या नाकात. पण खंडेरावांनी ते ऐकलं आणि चिंधूला आणखी एक कप चहा दिला.

उपाय निघाला तो चिंधूच्या बायकोकडून, सुलूकडून. सुलू म्हणजे बोलायला लागली की समोरच्याने डोक्यावरची पाटी खाली ठेवून ऐकायचं, अशी बाई. ती म्हणाली, "सायेब, माझ्या नणंदेची हळद ह्याच माळ्यावर झाली. खाली पावसाचा चिखल, म्हनून समद्या बाया वर. काय नाचलो होतो आमी! अख्खी आळी वर. माळा पडला काय?"

"तो पुरावा होत नाही, सुलूबाई. किती वजन, किती वेळ, कुठे उभं, काही नोंद आहे?"

"नाय."

"मग?"

"मंग आता बघा की! बारा मान्सं पायजेत ना? आमी बारा बाया येतो, ऱ्हातो उभ्या तुमच्या टाकीच्या जाग्यावर. धरला तर धरला."

खंडेरावांना हे बरंच शास्त्रीय वाटलं. अडचण एकच होती. कुलूप उघडावं लागणार होतं. आळीभरच्या बायका भाग्येशच्या खोलीत. त्यांनी मैनाबाईंना विचारलं, तेव्हा त्या बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या.

"येऊ द्या," मग म्हणाल्या. "चहा टाकीन मी."

ठरल्या दिवशी खंडेरावांनी तयारी अशी केली की कारखान्यातही कधी झाली नसेल. खाली खोली रिकामी केली. मधल्या तुळईखाली चिंधूने आणलेले बोटीच्या डोलकाठीचे दोन टेकू उभे केले, पण तुळईला चिकटवून नाही. मध्ये बोटभर फट ठेवली. भार पडून तुळई वाकली आणि टेकूला टेकली, तर माळा नापास. फट राहिली, तर पास. आणि टेकू होते म्हणून कुणाच्या जिवाला धोका नव्हता. वर खोलीत त्यांनी खडूने टाकीच्या मापाचा चौकोन आखला. खुंटीवर भाग्येशचा निळा शर्ट होता. शर्टाकडे पाठ करूनच त्यांनी चौकोन आखला.

दुपारी बाजार उरकून बायका आल्या. खंडेराव दारात वजनकाटा घेऊन उभे.

"एकेकीने यावर उभं राहायचं. एकूण भार कळला पाहिजे."

सुलूने काट्याकडे बघितलं, मग खंडेरावांकडे. "सायेब, वजन मासळीचं करतात. बायांचं नाय."

मागच्या सगळ्या फिदीफिदी हसल्या. खंडेरावांनी काटा उचलून मोरीत ठेवला. नंतर त्यांनी अंदाजाने हिशोब धरला आणि तो कुणालाही सांगितला नाही, यात त्यांचं शहाणपण दिसून आलं.

बायका जिना चढून गेल्या. खोलीत शिरेपर्यंत कलकलाट होता. आत गेल्यावर थांबला. ज्या पोराला त्यांनी अंगणात चड्डीवर खेळताना पाहिलं होतं, त्याचा पलंग, त्याची पुस्तकं, त्याचा शर्ट. सुलूने पदर डोळ्याला लावला. मग कुणी काही न सांगता सगळ्या चौकोनात येऊन उभ्या राहिल्या. चौकोन पाच बाय दोन, बायका बारा! एकमेकींच्या कमरेला विळखे घालून, पोटं आत ओढून, कोपऱ्यावरच्यांचा एक पाय हवेत. खंडेरावांनी खिडकीपाशी उभं राहून सूचना दिली, "हलायचं नाही. हा स्थिर भार आहे. भात शिजायला लागतो तितका वेळ." आणि ते घाईने खाली आले. त्या खोलीत त्यांनाही जास्त वेळ उभं राहवत नव्हतं.

खाली चिंधू टेकूजवळ उकिडवा बसला होता. खंडेरावांनी वर्तमानपत्राचा कागद फटीत सरकवला. सहज गेला. थोड्या वेळाने पुन्हा सरकवला. गेला. त्यांची छाती भरून आली. मनात टाकी चढलीसुद्धा. दिवा लागला, पाणी हिरवंनिळं झालं, मॅनेजर कोपऱ्यात फुगून बसला, आणि रोज संध्याकाळी आपण वर जातोय, त्याच चालीने, आणि तो काचेपाशी येतोय.

"सायेब," चिंधू म्हणाला.

खंडेरावांनी कागद सरकवला. अडकला.

त्यांनी कडेने लावून बघितला, दुमडून बघितला, दुसऱ्या टेकूवर बघितला. तुळई बसली होती. अगदी हळू, आवाजसुद्धा न करता खाली आली होती आणि टेकूच्या डोक्यावर टेकली होती.

"कागद जाड असेल," खंडेराव म्हणाले.

"टेकली, सायेब," चिंधू हळूच म्हणाला. "जुनं लाकूड हाय."

आयुष्यभर दुसऱ्यांना नापास करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरचा निकाल वाचता येईना. पण सवय सवय असते. तोंड वर करून ते ओरडले, "चौकोन सोडा! सगळ्या भिंतीकडे व्हा! एका जागी राहू नका, भिंतीकडे!"

वर धावपळ झाली. पावलं चारी बाजूंना पांगली. तुळई टेकूवरून हलकेच उचलली गेली आणि पुन्हा बोटभर फट दिसायला लागली. पण आता तिचा उपयोग नव्हता. खंडेराव जिन्याच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. पोराच्या दहाव्यालासुद्धा ते चारचौघांत रडले नव्हते. चिंधूने खिशातली बिडी चाचपली आणि तो बाहेर अंगणात गेला.

मैनाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हात ओले होते.

"नाही ना पेलत?"

"नाही."

त्या म्हणाल्या, "खाली आणा मग. इथे, दिवाणाच्या जागी. बघेन मी. होईल सवय."

खंडेरावांनी मान वर करून बघितलं. बोलताना ती ओल्या हातांनी पदर पिळत होती. चाळीस वर्षांचा संसार होता. ती हो म्हणतेय म्हणजे काय सोसायला निघालीय, हे त्यांना कळत होतं.

"नको," ते म्हणाले. "प्रीतम चांगला मुलगा आहे. त्याच्याकडे मोठ्या टाक्या आहेत. मी कळवतो उत्कर्षाला."

प्रीतम मासे विकणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. मॅनेजर कुणा अनोळखी घरी जाईल आणि तिथे काचेजवळ येणार नाही.

वर बायकांना आता काही काम उरलं नव्हतं. कुणी खिडकीशी जाऊन खाडीकडे बघत होती, कुणी कुणाला हाक मारत होती. इकडून तिकडे पावलं धपधप वाजत होती. फळ्यांच्या फटींतून बारीक धूळ खाली पडायला लागली. खंडेराव डोळे पुसून उठले, कठड्याला हात लावला आणि बायकांना खाली बोलवायला तोंड उघडलं. मैनाबाईंनी त्यांची बाही धरली.

"थांबा ना जरा."

"काय झालं?"

"ऐका."

"काय ऐकू? बायका चालतायत."

"हो ना," मैनाबाई म्हणाल्या. त्या वर बघत होत्या. "फोनवर बोलताना तो असाच फिरायचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी खालून ओरडायचे, अरे बस की एका जागी, सगळी धूळ माझ्या पातेल्यात पडतेय. वर्षभर काही पडलं नाही हो वरून."

वरून सुलूचा आवाज आला, "सायेब, झाला का वो? उतरू का आमी?"

नोकरीत खंडेरावांनी एकही खोटा अहवाल दिला नव्हता. वरिष्ठांनी दम दिला तरी दिला नव्हता.

"नाही, नाही! इतक्यात नाही!" ते ओरडले. "एक चाचणी राहिलीय. चालता भार बघायचाय. भिंतीच्या कडेकडेने चालत राहा सगळ्या!"

"किती येळ?"

मैनाबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. तोंड वर करून. केसांवर धूळ पडत होती आणि त्या ती झटकत नव्हत्या.

"मी सांगेपर्यंत," खंडेराव म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.